आकडेमोड : बुनकेई की रिकेई?



गेल्या अंकातल्या कोड्याचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे मागची उधारी राहायला नको. ३, ४, ७ आणि ८ हे चार अंक एकेकदाच वापरून १० करायचे होते. सातला चारने भागा, पावणेदोन आले. ते तीनातून वजा करा, सव्वा राहिला. सव्वाला आठाने गुणा, झाले दहा! ज्यांना लहानपणी सवायकी घोकायला लावली होती त्यांनी हे पानावरच सोडवलं असणार; बाकीच्यांनी कॅल्क्युलेटर काढला असेल आणि तरीही सुटलं नसेल.

हा खेळ मूळचा इथल्या रेल्वेच्या तिकिटांवरचा. तिकिटाच्या कोपऱ्यात चार आकडे छापलेले असत आणि स्टेशन येईपर्यंत जपानी पोरं त्यांचे दहा करत बसत. २००१ साली सुइका कार्ड आलं आणि हळूहळू तिकिटं हातातून गेली. आमच्या कन्येला आम्हीच हा खेळ शिकवला होता, ती चौथीत असताना. तेव्हा ती आमच्याआधी उत्तर सांगायची. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढच्या हकिगतीत त्याचा संबंध आहे.

तर झालं असं. कन्या आता हायस्कूलच्या पहिल्या वर्षात आहे. ज्यांची मुलं इंडियन स्कूलमध्ये आहेत त्यांच्यासाठी सांगतो : जपानी हायस्कूलमध्ये याच वर्षी मुलांनी ठरवायचं असतं, बुनकेई की रिकेई. बुनकेई म्हणजे भाषा, इतिहास, कायदा, अर्थशास्त्र या वाटेने जाणारे. रिकेई म्हणजे विज्ञान, इंजिनिअरिंग, डॉक्टरकी. आपल्याकडे दहावीनंतर "सायन्सला की कॉमर्सला?" असं विचारतात, त्याचाच हा थोरला भाऊ. फॉर्म भरायचा आणि मग विद्यार्थी, पालक आणि वर्गशिक्षक अशी तिघांची बैठक. तिला सान्शा-मेन्दान म्हणतात. चार बाय चारच्या खोलीत, छोट्या बाकांवर गुडघे दुमडून बसायचं.

आम्ही ऑफिसातून अर्धी रजा काढून, टाय वगैरे लावून गेलो. सेन्सेईंनी एक कागद पुढे सरकवला. सराव परीक्षेत गणितात शंभरपैकी ४६, हेनसाची ४७. जपानी भाषेत हेनसाची ५८. "ओतोओसान, मुलीचा कल बुनकेईकडे दिसतो," सेन्सेई अत्यंत नम्रपणे म्हणाले. मग थोडं थांबून, आणखी नम्रपणे : "इंडियन घर असूनही गणित जरा... कठीण जातंय."

त्या "असूनही"ने आमचा टाय आवळला. आम्ही म्हणालो, "नाही नाही, घरी सगळे गणितात चांगलेच आहेत. ही मेहनत कमी करते." कन्या खाली बघत होती. ती एक शब्द बोलली नाही. घरी येताना ट्रेनमध्येही नाही.

हेनसाचीबद्दल इथे दोन शब्द सांगायला हवेत, कारण बऱ्याच मराठी आईबापांची यात गडबड होते. आपण टक्केवारीत वाढलो. ऐंशी टक्के म्हणजे बरं, चाळीस टक्के म्हणजे बोंब. हेनसाचीत तसं नाही. सगळ्यांचे मार्क घ्यायचे, त्यांची सरासरी काढायची, आणि मार्क सरासरीभोवती किती पसरलेत ते काढायचं. त्याला आपण प्रमाण विचलन म्हणतो. आपले मार्क सरासरीच्या किती वर-खाली आहेत त्याला या विचलनाने भागायचं, दहाने गुणायचं आणि पन्नासात मिळवायचं. कन्येच्या परीक्षेत सरासरी ५२, विचलन २०. ती सहा मार्कांनी मागे. सहा भागिले वीस म्हणजे ०.३, दहापट तीन. पन्नासातून तीन गेले, ४७. उलट आधीच्या परीक्षेत तिला फक्त ३८ मार्क होते, पण पेपर इतका अवघड की सरासरीच ३२ निघाली. विचलन तेवढंच. तेव्हा हेनसाची ५३! त्या वेळी ३८ आकडा बघून आम्ही आकांडतांडव केलं होतं आणि पोरगी "बाबा, हे चांगलं आहे" असं सांगत होती. ऐकतो कोण?

४७ म्हणजे साधारण शंभरात ३८ मुलं तिच्या मागे आणि ६२ पुढे. म्हणजे मधल्या गर्दीतलीच. एवढंच हा आकडा सांगतो. मूल कुठे उभं आहे ते यातून कळतं, ते तिथे का उभं आहे ते कळत नाही. १९९३ साली इथल्या शिक्षण मंत्रालयाने सरकारी माध्यमिक शाळांमधून खाजगी कंपन्यांच्या चाचण्या घेऊन हेनसाचीवर मुलांना वाटा लावणं थांबवायला सांगितलं, ते याच कारणाने. शाळेतून गेलेली हेनसाची जुकूमध्ये, म्हणजे क्लासमध्ये, जाऊन बसली, ही गोष्ट निराळी.

आता आमचं पाप सांगतो. "इंडियन म्हणजे गणित" हा जो समज इथे आहे, तो आम्ही वीस वर्षं आनंदाने पांघरला आहे. २००७ च्या सुमारास तर इथे भारतीय गणिताची लाटच आली होती. दुकानात 'इंडियन पद्धतीची आकडेमोड' अशी पुस्तकं रचून ठेवलेली. आम्ही तेव्हा मास्टर्स संपवून नुकतेच नोकरीला लागलो होतो. जेवणाच्या सुट्टीत एका सहकारी बाईंनी विचारलं, "तुम्हाला १९ गुणिले १९ पाठ असतं ना?" आता आमचे मराठी शाळेतले पाढे तीसापर्यंत खरे, पण प्रत्येक पाढ्याची गाडी 'दाहे'ला थांबते. एकोणीस दाहे एकशे नव्वद, खेळ खलास. आम्ही मनात वीस गुणिले एकोणीस तीनशे ऐंशी केले, त्यातून एकोणीस काढले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "तीनशे एकसष्ट." टेबलावर टाळ्या! आम्ही खरं सांगितलं नाही. आणि हेही सांगितलं नाही की मास्टर्सच्या पहिल्या सहामाहीत गणिताच्या एका विषयात आम्ही सपशेल आडवे झालो होतो. प्राध्यापक फळ्यावर लिहीत होते, आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं, आणि "इंडियन असून विचारतो कसा?" म्हणून आम्ही मान डोलावत राहिलो. सहा महिने मान डोलावली. शेवटी एका चिनी मित्राने सरळ हात वर करून विचारलं, तेव्हा कळलं की अर्ध्या वर्गाला कळत नव्हतं.

तीच मान आता आमच्या पोरीने डोलावली होती, आणि ते आमच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या रात्री घरात नेहमीप्रमाणे झालं. आम्ही : "रिकेई सोडलंस तर पुढे काय करणार?" सौ. : "अहो, आधी तिला जेवू द्या." कन्या : "मला नाहीच येत गणित. मी बुनकेईच आहे." धाकटे चिरंजीव, इयत्ता दुसरी, कोपऱ्यात बसून इथला पाढा, म्हणजे कुकू, म्हणत होते : "नि-नि-न्-गा-शि, नि-सान्-गा-रोकु..." एकूण एक्याऐंशी ओळी, नऊ नव्वे एक्याऐंशीपर्यंत. घरात एक गणिताच्या दारात शिरतोय आणि एक बाहेर पडतेय, असं दृश्य.

झोप येईना. मग आम्हाला सुचलं ते आमच्या पोटापाण्याच्या धंद्यातलं. कारखान्यात माल बिघडला तर आम्ही काय करतो? बोल्टला रागावतो का? "तुझा कल वाकडेपणाकडे दिसतो," असं सांगतो का? १९५० साली डेमिंग नावाचे अमेरिकन गृहस्थ इथे येऊन व्याख्यानं देऊन गेले, तेव्हापासून जपानी कारखान्यांनी एक गोष्ट डोक्यात घेतली : चूक वस्तूत शोधू नका, ती जिथून आली त्या प्रक्रियेत शोधा. त्यांच्या नावाचं पारितोषिक १९५१ पासून आजही दिलं जातं. आणि यासाठी लागणारं गणित केवढं? सरासरी, विचलन, टक्केवारी. शाळेतलंच. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा मशीनवरचे आजोबा, हायस्कूल शिकलेले, आमच्यासारख्या मास्टर्सवाल्याला आलेख काढून दाखवायचे की कोणत्या पाळीत कोणता दोष येतो. त्या आलेखाला पारेतो म्हणतात : दोषांची कारणं मोजायची, जास्त ते आधी मांडायचं. बहुतेक वेळा दोन-तीन कारणांतच सगळा घोळ सापडतो. गणित कशाला शिकायचं याचं उत्तर आम्हाला विद्यापीठात मिळालं नाही, ते त्या आजोबांच्या तेलकट वहीत मिळालं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. आम्ही कन्येला म्हटलं, "उत्तरपत्रिका आण. रागावणार नाही. दोष मोजूया."

"बाबा, मी काय बोल्ट आहे का?"

"बोल्ट असतीस तर मी काल सेन्सेईंसमोर तुला दोष दिलाच नसता," आम्ही म्हणालो. हे कसं तोंडून निघालं माहीत नाही. पण ती उठून उत्तरपत्रिका घेऊन आली.

गेलेले मार्क ५४. एकेक करून कारण लिहीत गेलो. आकडेमोडीच्या चुका ६. सूत्र आठवलं नाही ४. गुणोत्तर, प्रमाण, टक्के यात घसरली १४. आणि कोरे सोडलेले प्रश्न ३०! तीस मार्कांना तिने पेन्सिलच लावली नव्हती. विचारलं तर म्हणाली, "ते मला येणारच नव्हते." त्या कोऱ्या प्रश्नांतलेही निम्म्याहून जास्त त्रिकोणमितीचे. आता त्रिकोणमिती म्हणजे शेवटी काय? एका बाजूला दुसरीने भागायचं, गुणोत्तरच. जपानीत तर नावच सान्काकु-हि, आणि 'हि' म्हणजेच गुणोत्तर. म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात.

"गुणोत्तर कधी शिकवलं तुला?"

"शिकवलंच नाही."

असं कसं होईल? वह्या उकरल्या, सौ.ने तारखा जुळवल्या, आणि उलगडा झाला. आमच्या कंपनीने आम्हाला दोन वर्षं पुण्याला पाठवलं होतं. परत आलो ते नोव्हेंबरच्या शेवटी, कन्या पाचवीत असताना. जपानी शाळेत पाचवीत वारिआई हा धडा असतो : शेकडा, प्रमाण, कशाच्या मानाने किती. वर्गाचा तो धडा नुकताच संपला होता, आणि पुण्याच्या शाळेत तो अजून सुरू व्हायचा होता. दोन शाळांच्या फटीत नेमका तो धडा पडला. आमच्या बदलीच्या खोक्यांत सगळं सामान आलं. हा एक धडा मागे राहिला.

इथल्या मुलांसाठी एक युक्ती असते, वर्तुळात तीन भाग करून कु-मो-वा लिहायचं. ज्याची तुलना करायची ते, ज्याच्या मानाने करायची ते, आणि त्यांचं प्रमाण. पोरीने मैत्रिणीच्या वहीतून ते वर्तुळ उतरवून घेतलं आणि पाच वर्षं त्यावर गाडी ढकलली. कोणता आकडा 'मो'च्या जागी घालायचा हे मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं. आणखी एक गंमत. आपण पाऊण लिहिताना वाचतो 'तीन छेद चार', वरून खाली. जपानीत म्हणतात योन्-बुन्-नो-सान्, 'चार भागांतले तीन', आणि लिहितातही खालचा आकडा आधी. पहिल्या महिन्यात सेन्सेई बोलत तसं ही वरून खाली लिहायची. पाऊणचे चार तृतीयांश व्हायचे. वर्ग हसला होता. ते तिने आम्हाला परवा, पाच वर्षांनी सांगितलं.

"तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्हीच सगळ्यांना सांगायचात ना, आमच्याकडे गणित रक्तातच आहे म्हणून."

यावर काय बोलणार? मंडळी, रक्तात हिमोग्लोबिन असतं. गणित शिकावं लागतं, आणि कोणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं. एवढी मोठी ओळ आम्हाला चाळिशी उलटल्यावर कळली.

दोष असा एकट्या जपानी शाळेचा नाही, पुण्याच्या शाळेचाही नाही. भाषेगणिक गणित थोडं बदलतंच. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'पंचवीस' बरोबर 'वीस पाच' अशी संख्यावाचनाची पद्धत आणली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या प्रमुख मंगलाताई नारळीकर शांतपणे सांगत होत्या की लहान मुलाला बोलताना पाच आधी आणि लिहिताना वीस आधी हे जड जातं. आम्हीही तेव्हा मराठी बुडाली म्हणून हळहळलो होतो. पण जपानीत पंचवीस म्हणजे नि-जू-गो, 'दोन दहा पाच'. बोलायचं तसं लिहायचं. आमचे धाकटे चिरंजीव शंभरापर्यंत जपानीत पंधरा दिवसांत मोजायला शिकले. मराठीत अजून एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत हेलकावे खातात. म्हणून मराठी अंक सोडावेत असं नाही. पण पोर अडलं तर ते बुद्धीवर अडलं की भाषेवर, हे आधी बघावं. बरं, मोठे आकडे आले की आमचीच त्रेधा उडते : इथे दहा हजारांचं एक मान्, आणि दहा कोटींचं एक ओकु. घराच्या कर्जाचा आकडा बँकेत ऐकताना शून्यं बोटांवर मोजली होती.

मग रोज रात्री अर्धा तास आम्ही आणि कन्या. पुस्तक बाजूला, आधी सुपरमार्केटची पावती. रात्री आठनंतर डब्यांवर 'सान्-वारि-बिकी' असे पिवळे कागद लागतात. एक वारि म्हणजे दहा टक्के. इथे नवे असताना आम्ही तीन वारि म्हणजे तीन टक्के समजून डबा परत ठेवला होता! हे ऐकून ती पहिल्यांदा हसली. "कशाच्या तीन वारि?" हा एकच प्रश्न दहा दिवस फिरवून फिरवून विचारला. मूळ किंमत कोणती, ती 'मो'. तिथून नकाशाच्या मोजपट्टीवर, तिथून जिन्याच्या चढावर, आणि चढावरून त्रिकोणमितीवर. कोरा प्रश्न मात्र ठेवायचा नाही, एवढाच नियम. चुकीचं लिही, पण लिही.

एका रात्री तिला तोक्यो विद्यापीठाच्या २००३ सालच्या प्रवेशपरीक्षेतला प्रश्न घातला. फक्त एक ओळ : पाय ३.०५ पेक्षा मोठा आहे हे सिद्ध करा. त्या दिवसांत शाळेतला अभ्यासक्रम हलका केल्यामुळे 'आता पाय म्हणजे नुसता तीन शिकवतात' अशी देशभर ओरड चालली होती, तेव्हाचा हा प्रश्न. कन्येने वर्तुळात षट्कोन काढला. त्रिज्या एक, सहा बाजू प्रत्येकी एक, परीघ सहा, व्यास दोन, म्हणजे तीन. "पण वर्तुळ तर षट्कोनाच्या बाहेरून जातं! मग तीनपेक्षा मोठंच असणार," ती म्हणाली. पुढे अष्टकोन काढला की ३.०६ येतं आणि काम झालं. तिथवर आम्ही मदत केली. पण "बाहेरून जातं" हे तिचं तिने पाहिलं. त्या वेळचा चेहरा आम्ही हेनसाचीत मोजू शकत नाही.

त्याच उत्साहात रविवारी शिबुयाच्या कोन्नो हाचिमान देवळात गेलो. तिथे सांगाकु आहेत : भूमितीचे प्रश्न रंगवून देवाला वाहिलेल्या लाकडी पाट्या. एदो काळात सामुराई, व्यापारी, शेतकरी अशा पाट्या वाहायचे. ना परीक्षा, ना नोकरी. आपल्याकडेही चाळीसगावजवळ पाटणच्या देवळात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठाला दिलेल्या दानाचा. गणिताची सोय देवळात करणारे आपले पूर्वज आणि यांचे पूर्वज, दोघांचं बरंच जमलं असतं.

आता मुख्य प्रश्न, ज्यासाठी फॉर्म टेबलावर पडून होता. बुनकेई घेतलं तर गणित सुटलं का? आम्ही जरा माहिती काढली. वासेदा विद्यापीठाच्या राज्यशास्त्र-अर्थशास्त्र विभागाने, म्हणजे पक्क्या बुनकेई विभागाने, २०२१ च्या प्रवेशापासून सामाईक परीक्षेतलं गणित सक्तीचं केलं. अर्ज कमी झाले, पण त्यांनी माघार घेतली नाही. २०१९ च्या मार्चमध्ये इथल्या उद्योग आणि शिक्षण मंत्रालयांनी मिळून अहवाल काढला, त्याचं नावच 'गणिती भांडवलशाहीचा काळ' अशा अर्थाचं आहे. बँका, विमा, औषध कंपन्या, जाहिरात, सगळीकडे आकडे वाचणारी माणसं हवीत. इतो कियोसी यांचंच बघा. १९४२ साली, ऐन युद्धात, सरकारी सांख्यिकी कार्यालयात नोकरी करताना त्यांनी यदृच्छ हालचालींचं गणित मांडलं. १९७३ नंतर शेअरबाजारातल्या किमती ठरवायला जगाने तेच वापरलं. २००६ साली गणिताच्या उपयोगासाठीचं पहिलं गाउस पारितोषिक त्यांना मिळालं. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आज त्यांच्या सूत्राला टाळून पुढे जाऊ शकत नाही.

आणि आपले दामोदर धर्मानंद कोसंबी! गोव्यात १९०७ साली जन्मलेले, पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे. १९४३ साली त्यांनी जे प्रमेय मांडलं ते पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने प्रसिद्ध झालं. आम्ही यंत्रांच्या थरथरण्यातून बिघाड ओळखतो, तिथे हेच प्रमेय उपयोगी पडतं. पण कोसंबींना बहुतेक लोक ओळखतात ते इतिहासकार म्हणून. मधला पूल कोणता? जुनी नाणी. त्यांनी तक्षशिलेच्या आहत नाण्यांची एकेक करून वजनं केली. नाणं जितकं हातोहात फिरेल तितकं झिजेल. म्हणजे वजनाच्या सरासरीतून त्याचं वय वाचता येईल. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाजारातली वर्दळ या माणसाने तराजू आणि संख्याशास्त्र घेऊन मोजली. आता सांगा, कोसंबी बुनकेई की रिकेई?

हे ऐकून कन्येने बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, "म्हणजे इतिहास घेऊनही हे करता येतं?"

फेब्रुवारीत पुन्हा सराव परीक्षा झाली. तुम्हाला वाटेल आता साठ हेनसाची सांगणार. नाही. ४९ आली. आणि इंजिनिअर म्हणून प्रामाणिकपणे सांगतो, दोन अंकांचा फरक हा काही पुरावा नव्हे. पेपर जरा वेगळा असता तर तेवढा इकडेतिकडे झालाच असता. पण कोरा प्रश्न एकच होता, तोही वेळ संपल्यामुळे. आम्ही तो आकडा वहीत लिहून ठेवला आहे.

फॉर्म तिने स्वतः भरला. बुनकेई. खाली, पुढच्या वर्षीच्या विषयांत, गणितावर खूण. आम्हाला मनातून रिकेई हवं होतं, ते खोटं कशाला सांगू? सही करताना हात अर्धा क्षण थांबला. सौ.ने नुसतं पाहिलं. आम्ही सही केली. चार महिन्यांपूर्वी ती गणितापासून पळण्यासाठी बुनकेई लिहिणार होती. आता इतिहास आवडतो म्हणून लिहीत होती. फॉर्मवर अक्षरं तीच, पण आमच्या लेखी तो निराळा फॉर्म होता.

असो. आमची एक सूचना आहे. आपल्यापैकी अनेकांची मुलं अशी दोन देशांच्या, दोन-तीन भाषांच्या फटीतून शिकत आहेत. कोणाचा कोणता धडा कुठल्या खोक्यात राहिला, कोण सांगणार? महिन्यातून एका रविवारी मंडळाच्या हॉलवर दोन तास बसावं, मुलांनी उत्तरपत्रिका आणाव्यात, आणि आपण मिळून दोष मोजावेत. मार्क विचारायचे नाहीत, हेनसाची तर नाहीच. चहा आमच्याकडे लागला. ज्यांना जमेल त्यांनी संपादकांकडे नाव कळवावं. आणि "मला स्वतःलाच गणित येत नव्हतं" असं म्हणणारे आईबाप तर जरूर यावेत; त्यांचा उपयोग जास्त.

आता या वेळची कोडी. छोट्यांसाठी : चार अंकी कोणतीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. १९९५ घेतलं तर ९९५१ वजा १५९९ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च! जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही तिथे पोहोचता. हे शोधून काढलं नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकर मास्तरांनी, १९४९ साली. तुमच्या जन्मसालापासून किती पायऱ्या लागतात ते कळवा.

मोठ्यांसाठी : १, १, ५ आणि ८. एकेकदाच वापरून १० करा. कन्येने हे सोडवायला दोन स्टेशनं घेतली. आम्हाला किती लागली ते विचारू नका; आमचं स्टेशन मागे गेलं, एवढंच सांगतो.

पाडव्याच्या शुभेच्छा. उत्तर पुढच्या अंकात.